घडी पडलेलं आकाश

“इथं घड्या न्हाई दिसाय पायजेत,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं माझ्या आकाशावरून नख ओढलं.

“अहो, हात लावू नका!” मी टेबलामागून ओरडले. तोंडात इडली होती, त्यामुळे ओरडण्यात काही दम नव्हता.

शुक्रवारची दुपार होती. आदल्या दिवशी उद्घाटनाला आलेली मंडळी कॉफी पिऊन, ‘वेगळंच आहे हं’ असं म्हणून निघून गेली होती. पुण्यातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मी, माझी अकरा चित्रं आणि हा म्हातारा एवढेच उरलो होतो. पांढरा पायजमा, कडक इस्त्रीचा निळा शर्ट, बगलेत वर्तमानपत्राची गुंडाळी. मला वाटलं, उन्हाचा टेकायला आला असेल. तसे त्या गॅलरीत नेहमीच कुणी ना कुणी येत, तिथला पंखा मोठा होता.

“घड्या नाहीत त्या,” मी जवळ जाऊन म्हणाले. “आकाशच तसं आहे. स्वप्नातलं.”

“स्वप्नातलं व्हय?” त्यानं चष्मा कपाळावर चढवला, नाक जवळजवळ कॅनव्हासला टेकवलं आणि वास घेतला. “रंगाचा वास न्हाई.”

“कॉम्प्युटरवर काढलंय. मग कॅनव्हासवर छापून घेतलंय.”

“आस्सं. म्हंजी फ्लेक्स.”

“फ्लेक्स नाही हो!” मला राग आला. सत्ताविसाव्या वर्षी मला फार लवकर राग यायचा, आणि बोलणं खरं असण्याचा संभव असेल तर जास्तच.

त्या चित्रांबद्दल इथेच सांगून टाकते. तेव्हा तीन वर्षं मी एकच जागा काढत होते. एक पांढरा जिना, उजवीकडे वळणारा आणि वर कुठेच न पोचणारा. पायथ्याशी तळं, तळ्यात दोन हंस, भर दिवसा चंद्र. ही जागा मी कधी पाहिलेली नव्हती. पण तांदूळ धुताना, सिग्नलला उभी असताना ती मध्येच कुठूनतरी यायची आणि वाटायचं, की इथे मी होते. मग मी स्क्रीनवर पेन चालवायला बसायचे. जिन्यावरून पाणी वर चढवायचे, हंसांच्या पोटाला खिडक्या पाडायचे, चंद्र पायरीवर आणून ठेवायचे. असले सगळे चाळे चालायचे. पण मूळ जागेला धक्का लागला की ती ओळख विझायची आणि मला पुसत पुसत मागे यावं लागायचं. आकाशाला घड्या हव्याच होत्या. उजव्या कोपऱ्यात खाली एक काळपट झुडूप हवंच होतं. का, ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचंच मी भांडवल केलं होतं. गॅलरीच्या दाराशी माझं निवेदन लावलेलं होतं: ‘ही जागा पृथ्वीवर कुठेही नाही. तरी तिची प्रत्येक पायरी माझ्या ओळखीची आहे. कदाचित ती माझ्या मागच्या जन्मातून आली असेल.’ रविवारच्या पुरवणीत ते निवेदन चित्रासकट छापूनही आलं होतं.

पोटापाण्यासाठी मी लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका लॅबमध्ये नवऱ्या मुली गोऱ्या करायचे. दिवसाला चाळीस. त्यातून सुटायची एकच वाट दिसत होती. जर्मनीतली एक कलासंस्था वर्षभर तिथे राहून काम करायला एका चित्रकाराला बोलावणार होती. शेवटच्या दोघांत मी होते, आणि निवड करणारे दोघे त्या रविवारी सकाळी अकराला माझी चित्रं बघायला येणार होते.

“ह्या झुडपाच्या मागं काय हाय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“काही नाही. ती सावली आहे. नेणिवेतली.”

“हाय की. माजं नाव हाय.”

त्यानं बगलेतली गुंडाळी उलगडली. तीच पुरवणी होती, माझ्या चित्राभोवती बॉलपेननं चौकट मारलेली.

“मी भानुदास होनराव. बार्शीचा पेंटर. भगवंताच्या देवळामागं अलंकार फोटो स्टुडिओ व्हता बगा, त्याचा पडदा म्या रंगवला चौऱ्याऐंशी साली. लोकं त्याच्यापुढं बसून फोटो काडायची. खाली कोपऱ्यात ‘होनराव, बार्शी’ असं लिवलं. मालक म्हनला, लोकांच्या लग्नाच्या फोटूत तुजं नाव कशापायी? पूस. म्या म्हनलं, पडदा फाडीन पर नाव पुसनार न्हाई. मग त्यानं काय केलं, त्याच्यापुढं प्लास्टिकच्या पानाची कुंडी ठिवली. ती ही.”

“योगायोग असेल,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

“आन् ह्या घड्या. त्याला शंभरदा सांगितलं, पडदा गुंडाळून ठिव, घडी घालू नको, रंग तडकतो. ऐकंल तर शप्पत! चादरीवानी घडी घालायचा. हे बगा, बरूबर चार उभ्या, दोन आडव्या.”

मी मोजल्या नव्हत्या कधी. त्या चार उभ्या आणि दोन आडव्याच होत्या.

“आणि चंद्र?” मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

तो हसला. वरचे दोन दात नव्हते. “त्याची गंमतच झाली. मालकाला रातीचा पडदा पायजे व्हता. चांद आदी काडला. मग निळा सपला, पांढरा घातला, आन् झाला की दिस! मालक म्हनला, र्‍हाऊ दे, कोन बगतंय.”

या चंद्रावर एका समीक्षकानं दीड रकाना लिहिला होता. ‘काळाच्या सीमारेषेवरचा चंद्र’ म्हणे.

“तुमी कुटल्या?” त्यानं विचारलं.

“चिंचवडची,” मी म्हणाले. मग जरा थांबून, “जन्म बार्शीचा. चार वर्षांची असताना आम्ही तिथून आलो.”

“मग तर पोरगीच की आमची!” इतका वेळ मॅडमला बोलावं तसं जपून बोलणारा तो माणूस एकदम सैल झाला. टेबलावर माझा टॅब्लेट पडला होता. तो काय म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याच्या हातात पेन दिलं. पहिली रेघ वेडीवाकडी गेली. ती मी एका टिचकीनं घालवून दाखवली, तर तो लहान मुलासारखा हरखला.

“गेली? डाग बी न्हाई? आयला, आमाला हे असतं तर!”

मग त्यानं मनगट टेकवलं, श्वास धरला आणि एका दमात, पेन न उचलता, हंस काढला. मान जरा जास्त लांब, चोच छातीत खुपसलेली. तीन वर्षं मी जो हंस हजारदा काढला होता आणि जो मला प्रत्येक वेळी कुठूनतरी ‘आला’ होता, तो त्यानं अर्ध्या मिनिटात काढला. मी तो सेव्ह केला नाही.

आता हा काय मागणार याचा मी मनात अंदाज बांधत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

“एक काम करशील का पोरी?” तो म्हणाला. “चित्राखाली तुजी पट्टी हाय न्हवं, त्याच्यात एक वळ वाढीव. पडदा होनरावांचा, एवडीच. दुसरं कायबी नगं.”

“एवढंच?”

“एवडंच लई हाय.” तो खुर्चीवर टेकला. “माजी मंडळी डाळीच्या गिरनीत बसून डाळ निवडायची. तिच्या जिवावर घर चाललं. मी आपला रंगात. दुकानाच्या पाट्या, नाटकाचे पडदे, भित्ती. फ्लेक्स आला आन् समदं गेलं. पाट्या भंगारात, भित्तीवर चुना. तो स्टुडिओ बी पाडला. ती म्हंती, जल्मभर रंग फासला, दावा की कुटं हाय तुमचं एक तरी. काय दावू? आता हे दावतो. रविवारी घिऊन येतो तिला. एकदा तिनं वाचलं म्हंजी झालं.”

“या की,” मी म्हणाले. “लावते मी पट्टी.” आणि लगेच पुढे म्हणाले, “पण पाच वाजता या हं काका. संध्याकाळी.”

तो हात जोडून गेला. जाताना दाराशी थांबून त्यानं माझं निवेदन वाचलं. सगळं वाचलं, ओठ हलवत.

शनिवारी सकाळी मी चिंचवडला आईकडे गेले. आई गवार मोडत बसली होती.

“आई, माझा लहानपणी स्टुडिओत काढलेला फोटो आहे का गं? बार्शीचा?”

“आहे की. रडका. म्हणून तर अल्बमात लावला नाही.” ती उठली, कपाटातल्या साड्यांखालून पाकीट काढलं आणि फोटो माझ्या हातात दिला.

फ्रॉक घातलेली तीन वर्षांची मी, स्टुलावर, तोंड वासून रडतेय, कपाळाला रुमाल धरलेला. मागे जिना. तळं, दोन हंस, चंद्र, आकाशाच्या घड्या. उजवीकडे प्लास्टिकच्या पानांची कुंडी, आणि पानांच्या फटीतून ‘बार्शी’ची वेलांटी बाहेर डोकावत होती.

“कशाला रडतेय मी?”

“अगं, तुला तो जिना चढायचा होता! फोटोवाला म्हणतोय इकडे बघ, आणि तू उतरून पळालीस ती थेट पडद्यावर. मागे भिंत. भुवई फुटली. तीन टाके घातले.” तिनं गवारीच्या हातानं माझी भुवई चाचपली. “ही बघ खूण. आणि रक्त गळतंय तरी परत तिकडेच हात करतेस! वर जायचं, वर जायचं. फोटोवाल्याला हसू आवरेना.”

ती खूण झोपाळ्यावरून पडल्याची आहे, असं मी आजवर समजत होते.

खरं तर मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी कल्पिलेल्या मागच्या जन्मापेक्षा ही गोष्ट कितीतरी चांगली होती. पण मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. फोटो स्टुडिओचा पडदा! नेणीव, काळाच्या सीमारेषा, सगळं करून करून निघालं काय, तर अलंकार फोटो स्टुडिओ. मला समोर माझे कॉलेजातले मित्र दिसले, हसताना. तो दीड रकाना लिहिणारा समीक्षक दिसला. आणि चाळीस नवऱ्या मुली दिसल्या, सोमवारी सकाळी माझी वाट बघत बसलेल्या.

दुपारी मी गॅलरीत जाऊन पट्टी छापली. ‘मूळ पडदा: भानुदास होनराव, बार्शी’. गॅलरीच्या मालकीणबाई मंजिरी दफ्तरदार यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला अडवलं असं लिहायला मला फार आवडलं असतं.

“अगं, मग लाव ना,” त्या म्हणाल्या. “किती छान गोष्ट आहे! आणि तो फोटोही लावू या शेजारी.”

“समितीला काय वाटेल? मी लिहून दिलंय की ही जागा कुठेच नाही. ते म्हणतील, कॉपी आहे.”

“म्हणतील किंवा नाही म्हणणार. तुझं तू ठरव, रेवती. खरं सांगायचं तर मी लावली असती.”

मी ठरवलं. दोन्ही डगरींवर पाय ठेवायचं ठरवलं. समिती अकराला येणार, फार तर एकला जाणार. होनराव पाचला येणार. मधल्या वेळात पट्टी लावायची. त्यांच्या बायकोनं वाचली की सहाला प्रदर्शन संपतंच. कुणाचं काही बिघडत नाही. हा हिशोब मला इतका चोख वाटला की त्या रात्री मला झोपही छान लागली. पट्टी माझ्या पर्समध्ये होती.

जर्मनीची ती शिष्यवृत्ती मला मिळाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्यासाठी कुणी देव पाण्यात ठेवायला नको. वर्षभर मी तिथे होते. मोठी खोली, उत्तरेचा उजेड, हवी ती यंत्रं. ती जागा मात्र परत कधी आली नाही. आता बारा वर्षं झाली, मी मुलांना सॉफ्टवेअर शिकवते.

रविवारी अकराच्या ठोक्याला समिती आली. एक उंच जर्मन बाई, आणि मुंबईचे प्राध्यापक विद्वांस. बाई हळूहळू बघत होत्या, वहीत काहीतरी टिपत होत्या. विद्वांस त्यांना इंग्रजीत समजावत होते, माझंच निवेदन माझ्यापेक्षा चांगलं करून. मोठ्या चित्रापाशी दोघं थांबली. होनरावांनी नख ओढलं होतं त्याच. साडेअकरा झाले होते.

दार उघडलं आणि होनराव आत आले.

तोच निळा शर्ट, आज वर कोट. मागे ठेंगणी, काटक बाई. नवी साडी, घडीच्या रेघा अजून तशाच. डोक्यावर पदर. मला बघून होनरावांचा चेहरा फुलला.

“पाचला म्हनलीस पर परतीची गाडी चारची हाय गं,” ते लांबूनच म्हणाले. “म्हनलं, सकाळीच उरकू.”

मी पुढे झाले नाही, या म्हणाले नाही. पर्सची चेन मुठीत धरून उभी राहिले.

होनराव बायकोला घेऊन नेमके त्याच चित्रापाशी गेले. जर्मन बाई सौजन्यानं बाजूला सरकल्या.

“हे बग, सुभद्रा. हा जिना. हे हंस. सांगितलं न्हवतं? आन् आता खाली वाच.”

सुभद्राबाई वाकल्या. दुसरी-तिसरी शिकल्या असाव्यात, एकेक अक्षर लावत होत्या. “पु… न्हा… ति… थेच. रे… व… ती… बु… डूख.” त्यांनी पट्टीच्या खाली बघितलं, बाजूला बघितलं. “तुमचं कुटं हाय?”

होनरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतः वाकून पट्टी वाचली. दोन शब्द आणि माझं नाव, पण वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते.

विद्वांसांना मात्र गंमत वाटली. सामान्य प्रेक्षक आयता सापडला होता. “काय हो बाबा,” ते प्रेमानं म्हणाले, “कसं वाटलं चित्र? कुठली जागा असेल ही?”

त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. पट्टी पर्समधून काढून दाखवायला दोन क्षण पुरले असते. हे मी त्यांच्यासमोर उभी असतानाही जाणत होते, नंतर सुचलेलं नाही.

होनरावांनी एकदा त्या दोघांकडे पाहिलं, जर्मन बाईच्या वहीकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना सगळं कळलं. दाराशी लावलेलं निवेदन त्यांनी शुक्रवारी पूर्ण वाचलं होतं.

“पयल्यांदाच बगतोय सायेब,” ते म्हणाले. “असली जागा कुटं असती व्हय? पर… वळकीची वाटती खरी.”

“वा!” विद्वांस म्हणाले. त्यांनी ते वाक्य त्या बाईंना इंग्रजीत सांगितलं, दोनदा सांगितलं. बाईंनी छातीवर हात ठेवला, होनरावांकडे बघून मान लववली आणि वहीत भराभरा लिहून घेतलं. मग दोघं पुढच्या चित्राकडे वळली. सुंठीवाचून माझा खोकला गेला होता.

“अवो,” सुभद्राबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “तुमी तर म्हनला, माजं हाय. सबंद गल्लीला सांगून आलात. पेढं वाटलं.”

“चुकलं माजं.”

“आन् नाव?”

“पडदा येगळा व्हता गं तो. आता नीट बगितलं तवा कळलं.”

“तरी मी म्हनत हुते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याच्या कोटाची बाही धरली, तापातल्या पोराला धरावं तशी, आणि त्याला दाराकडे चालवत नेलं. माझ्याकडे होनरावांनी परत बघितलं नाही. दाराशी त्यांना उभं करून सुभद्राबाई एकट्याच माझ्यापाशी परत आल्या. मला वाटलं, आता या बोलणार. बोलाव्यात असंही वाटलं.

“बाई, रागवू नका हां,” त्या म्हणाल्या. “मोठी मान्सं आली हुती तुमची, आन् आमी मदीच कडमडलो. ह्यांचं हल्ली असंच हुतंय वो. चांगलं चित्र दिसलं की माजं हाय म्हंत्यात. मनावर घिऊ नका.”

पलीकडून मंजिरीताई माझ्याकडे बघत होत्या. विद्वांस मला हाक मारत होते.

“असू द्या काकू,” मी म्हणाले. “वयोमानानं होतं असं.”